टाचलेलं शेवटचं प्रकरण

दर रविवारी दुपारी चार वाजता लिफ्टवाला काखेत पुस्तक मारून थोरल्या बहिणीकडे जायचा. आठवडाभर हा माणूस लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेर काढायचा. मग सुट्टीत तरी काही शांत वाचावं की नाही? पण त्याला थरारकथाच लागायच्या. पाणबुडी, बॉम्ब आणि उरलेली अकरा मिनिटं. ताईचा जीव रहस्यकथांत. आणि भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, मनाचं लिहिलेलं काही वाचवतच नसे. पूल कसे बांधतात, मीठ कुठून येतं, ऑक्टोपसला तीन हृदयं कशाला लागतात, असल्या पुस्तकांवर ते खूश असायचे.

तिघांनी आठवड्यात काय वाचलं ते एकमेकांना सांगायचं, असा बावीस वर्षांचा पायंडा होता. ताईचा नंबर शेवटी. ती गोष्ट शेवटच्या प्रकरणापर्यंत आणून थांबायची आणि खुनी कोण ते भावाने ओळखायचं. तोपर्यंत ते प्रकरण टाचणीने बंद असायचं. तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कापड कापलेली बाई ती. तिची टाचणी वरून आत जायची आणि बरोबर अंगठ्याच्या रुंदीवर बाहेर यायची, त्यात सूतभरही फरक पडायचा नाही. भाऊ दहा वर्षांचा असताना त्याने एकदा शेवट आधीच वाचून बडबडून टाकला होता, तेव्हा ताई महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. चोरी एक वेळ चालेल, शेवटचं पान आधी वाचलेलं चालणार नाही, असा त्या घराचा कायदा होता.

त्या रविवारी लिफ्टवाल्याची पाणबुडी बुडवून झाली. "तुझ्या पुस्तकात सगळे नुसते पळत असतात, विचार कुणी करत नाही," असा शेरा ताईने नेहमीप्रमाणे मारला. भावोजींनी वादळांना नावं कशी देतात ते सांगितलं. मग ताईने चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ऐका आता. टेकडीवर एक भाड्याच्या खोल्यांचं घर असतं. घरमालकीण सकाळी मेलेली सापडते."

लिफ्टवाल्याला वाटलं, टेकड्या काय, पुष्कळ असतात. पण मग गोष्टीत भाचा आला, नर्स आली, फोटोग्राफर आला आणि दुसऱ्या मजल्यावरचा बहिरा म्हातारा आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ही गोष्ट तिने गेल्याच रविवारी सांगितली होती. याच खुर्चीत बसून, याच जागांवर थांबत.

त्याने भावोजींकडे पाहिलं. ते टीपॉयवरचा नसलेला डाग पुसत होते.

ताई मात्र रंगात आली होती. जेवणाच्या खोलीत बशी फुटते आणि म्हातारा मान वळवतो, हे ती अगदी जाता जाता सांगून गेली. सांगण्यात कुठे म्हणून खोट नव्हती. शेवटी ती थांबली आणि हसून म्हणाली, "बोला, कोण?"

गेल्या वेळी त्याने नर्सचं नाव घेतलं होतं आणि तोंडावर आपटला होता. आताही नर्सच म्हटलं असतं तर ताई खूश झाली असती, चहा झाला असता, तो घरी गेला असता. पण आपल्या बहिणीसमोर नाटक करायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय त्याला एक वेडी आशा होती. खरं उत्तर ऐकलं की ती कपाळावर हात मारून म्हणेल, अगं बाई, सांगितली होती की मी.

"म्हातारा," तो म्हणाला. "तो बहिरा नाहीच. बशी फुटली तेव्हा त्याने वळून पाहिलं."

ताईने कपाळावर हात मारला नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरला. बावीस वर्षांत त्याने खुनी ओळखला होता सहा वेळा, तोही चाचरत. असं फटकन, पुराव्यासकट, कधीच नाही.

"शेवट वाचलास तू," ती म्हणाली.

आता आली का पंचाईत? नाही म्हणावं तर कसं कळलं ते सांगावं लागणार. लिफ्टवाल्याने मान खाली घातली. "हो. तू आत गेली होतीस तेव्हा. चुकलं माझं."

"या वयात?" ती म्हणाली. "अरे, आठवडाभर मी या एका तासाची वाट बघते. तुला चांगलं ठाऊक आहे ते. आता तुला काय सांगू मी आणि कशाला?"

त्याला फार वाईट वाटलं. न केलेल्या चोरीचं इतकं वाईट वाटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तरी त्याने कबुली मागे घेतली नाही. ताईचा मान राहत असेल तर आपला गेला तरी चालेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

पण जन्मभर रहस्यकथा वाचलेल्या बाईला असं सहज फसवता येतं थोडंच. ताईने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. टाचणी जागेवर होती. ती काढून तिने पान उजेडाकडे धरलं आणि बोटाने चाचपलं.

"भोकांच्या दोन जोड्या आहेत," ती म्हणाली. "एक आत्ताची. दुसरी कुणाची?"

"माझी. मीच उघडून परत लावली," लिफ्टवाला घाईने म्हणाला.

"तुला शर्टाचं बटण नीट लावता येत नाही. हे दोन्ही माझ्या हातचं आहे. अंगठ्याचं अंतर आहे बघ." तिने दोन्ही जोड्यांवरून बोट फिरवलं. "आधी एकदा टाचलं. गोष्ट सांगून झाल्यावर काढलं. मग परत टाचलं. म्हणजे मी सांगितलीय तुला ही. कधी?"

लिफ्टवाल्याने परत भावोजींकडे पाहिलं.

"कधी, असं विचारतेय मी."

"गेल्या रविवारी," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

"दोनदा," भावोजी म्हणाले. "जेवताना." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "बुधवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय मी. तुला सांगितलं होतं तशी माझ्या गुडघ्यासाठी नाही."

"ते कळलं होतं मला. गुडघा दुखणारा माणूस तीन जिने चढून दूध आणत नाही." हे बोलताना ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. "मला भीती वाटते हो. पुस्तक सगळं लक्षात आहे माझ्या. बशीसुद्धा. तुम्हाला सांगितलेलंच तेवढं गेलं."

भावोजी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. लिफ्टवाला समोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. अडकलेल्या माणसांना तो म्हणायचा, घाबरू नका, दोन मिनिटांत काढतो. इथे तसं म्हणायची सोय नव्हती.

"बुधवारी मी पण येऊ का?" त्याने विचारलं.

ताईने डोळे पुसले. "ये. डॉक्टर काय म्हणतात ते लिहून घे. मी तुला ते परत विचारणार, दहा वेळा विचारणार. तेव्हा पहिल्यांदाच विचारतेय असं दाखवायचं नाही. आधी सांगितलंय ताई, म्हणायचं, आणि मग परत सांगायचं. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.

"आज बोललास तसं खोटं परत बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ती भावोजींकडे वळली. "याला नाही जमणार. तुम्ही लक्ष ठेवा."