चढत्या भावात कोण विकतं?

मी सोन्याचं एक नाणं बोलतोय. मला गळ्यात घालत नाहीत आणि माझ्यावर भाजीही मिळत नाही. मला फक्त ठेवायचं असतं. इतकी निरुपयोगी वस्तू माणसाने इतक्या मानाने क्वचितच वागवली असेल.

टांकसाळीत सोन्याच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या, त्यातली एक मी. दोन साच्यांमध्ये ठेवून दणका दिला. एका बाजूला पंख पसरलेला पक्षी उमटला, दुसऱ्या बाजूला वजन आणि शुद्धता. हातमोजे घातलेल्या बाईने मला प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद केलं. नाण्यावर बोटाचा ठसा पडला की संग्राहक नाक मुरडतात म्हणे. म्हणजे मला हात लावायचा नाही, एवढीच माझी खरी किंमत.

मला विकत घेणारा गृहस्थ विमा कंपनीत कारकून होता. गल्लीत सगळे त्याला 'शेठ' म्हणायचे आणि ते चेष्टेने म्हणतात हे त्याला कधी कळलं नाही. पगारातून पैसे साठले किंवा बोनस मिळाला की तो एक नाणं घ्यायचा. टीव्हीवर सूट घातलेला सल्लागार सांगायचा, सोनं कधी धोका देत नाही. हा सल्लागार कोणाच्या पैशावर बोलतो, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. अशा प्रश्नांसाठी त्या कार्यक्रमात वेळही नसतो.

लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात आमचा मुक्काम. रविवारी पडदे ओढून शेठ आम्हाला टेबलावर ओळीने मांडायचा आणि नुसता बघत बसायचा.

"झाली का परेड?" बायको बाहेरून विचारायची. "टेबल रिकामं करा, मला कापड बेतायचंय."

पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं. दूध, वीज, मुलीचं कॉलेज त्या मशीनवर निघालं. शेठच्या पगारातला मोठा वाटा आमच्यात यायचा. याला तो बचत म्हणायचा.

मग तिला बाजूला ठेवलेली कात्री दिसेना. समोरचं दिसायचं, कडेचं हरवायचं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. डॉक्टरांकडून आल्यावर तिने त्याला सांगितलं ते मी चोरकप्प्यातून ऐकलं. काचबिंदू होता. डाव्या डोळ्यात दाब फार होता, थेंबांनी आवरत नव्हता. ऑपरेशन लवकर हवं होतं, कारण गेलेली नजर परत आणता येत नाही, राहिलेली तेवढी वाचवता येते.

"दोन नाणी विका," ती म्हणाली. "होऊन जाईल."

"आत्ता? भाव बघितलास का? घेतलं त्याच्याही खाली गेलाय. आत्ता विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. थेंब चालू ठेव, भाव वर आला की लगेच करू."

"डोळ्याला काय सांगू? थांब, भाव येऊ दे?"

"तुला टोमणेच सुचतात."

भाव वर आला. तिने आठवण केली. शेठने मोबाईलवरून मान वर केली, तेव्हा त्याचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा फुलला होता.

"अगं, आत्ताच तर चढायला लागलाय. चढत्या भावात कोण विकतं?"

पडत्या भावात विकायचं नाही, चढत्या भावात विकायचं नाही. मग आम्हाला घेतलं कशाला, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. सल्लागारही या बाबतीत गप्प होता. घ्या म्हणून सांगणारे पैशाला पासरी मिळतात. आता विका, तुमच्या घरात माणूस आजारी आहे, असं सांगणारा मी एकही पाहिला नाही.

डावा डोळा गेला.

त्या दिवशी मुलगी तिला दवाखान्यातून धरून घेऊन आली. "उजव्यातही दाब वाढतोय," एवढंच तिने बापाला सांगितलं. शेठ रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. खोटं असतं तर मला त्याचा इतका राग आला नसता. डोळे पुसून तो म्हणाला, "उजव्यासाठी नक्की विकू. फक्त हा महिना जाऊ दे. सगळे म्हणतायत, अजून चढणार आहे."

"बाबा, कपाटाची चावी द्या."

"तुम्हाला त्यातला व्यवहार कळत नाही. लुबाडतील."

"लुबाडू देत. द्या."

त्याने दिली नाही. तेव्हा बायको उठली आणि भिंतीला हात लावत खुंटीवरच्या त्याच्या जुन्या कोटापाशी गेली.

"अहो, चावी या अस्तरात असते हे मला पहिल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "अस्तर मीच शिवलंय. तुमच्या हातून मिळावी म्हणून मागत होते."

मुलीने अस्तरातून चावी काढून कपाट उघडलं. मी आणि माझ्या शेजारचं नाणं मुलीच्या पर्समध्ये गेलो.

सोनाराने आम्हाला तोललं, उलटंपालटं केलं. विकताना हाच माणूस माझ्या चकाकीचे पैसे लावतो. घेताना मात्र त्याला नुसतं वजन दिसतं.

"काल टीव्हीवर जास्त भाव सांगत होते," मुलगी म्हणाली.

"मग टीव्हीवाल्यांना विका, ताई."

"असू दे," आई म्हणाली. "घेऊन टाक. परवा ऑपरेशन आहे."

तेव्हापासून मी सोनाराच्या काचेच्या कपाटात आहे. आज सकाळी दुकान उघडलं आणि शेठ आला. जुनं गिऱ्हाईक, सोनाराने खुर्ची पुढे केली.

"ऑपरेशन आजच ना?"

"आत नेलंय तिला. मुलगी आहे तिथे." तो वाकून माझ्याकडे बघत होता. "हे आमचंच. आज काय भाव?"

सोनाराने सांगितला.

"बघा," शेठ म्हणाला. "दोन दिवसांत किती वर गेला. मी घसा कोरडा करून सांगत होतो यांना."

त्याच्या आवाजात दुःख होतं, पण समाधान त्याहून जास्त होतं. तो बरोबर ठरला होता.

मला घ्यायला येणाऱ्यांनो, माझी घाई कधीच नसते. मी शंभर वर्षं अंधारात पडून राहिलो तरी मला काही होत नाही. तुमच्या घरात असं थांबू शकणारं दुसरं कोणी आहे का, तेवढं बघून मला घ्या. आणि नसेल, तर मला विकण्याचा दिवस भावावर ठरवू नका.

शेठ अजून काचेपाशीच उभा आहे. दवाखाना इथून चालत जाण्यासारखा आहे. माझं त्याला ऐकू जात नाही. तुमच्यापैकी कोणीतरी त्याला तिकडे जायला सांगा.