दादाची गाडी

हेमकांतची गाडी तापीकाठच्या त्या गावात शिरली, तेव्हा केळीच्या बागेतली माणसं कामं टाकून रस्त्यावर आली. गाडी विलायतेतली होती. मागची पाटी पिवळी, तिच्यावरची आकडे-अक्षरं आपल्याकडच्या कुठल्याच पाटीसारखी नव्हती. वीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेलेला, तिथलाच नागरिक झालेला हेमकांत पाटील स्वतःची गाडी जहाजात घालून मुंबईला घेऊन आला होता आणि तिथून चालवत आपल्या गावी पोचला होता.

"विकायला आणली का रे?" कुणीतरी विचारलं.

"विकता येत नाही," हेमकांत सांगू लागला. त्याला सांगायला आवडत असे. "ही पाहुणी आहे. सहा महिन्यांत देशाबाहेर न्यायची. तशी मोठी हमी भरलीय मी. आणि माझ्याशिवाय कुणी चालवायची नाही. दुसऱ्याच्या हातात सापडली तर जप्त."

धाकटा भाऊ दगा शेजारी उभा राहून ऐकत होता. वडील सुकलाल पाटील गेले तेव्हापासून शेती, घर आणि आई, सगळं त्याच्याच अंगावर होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. दादा आला की आईचा चेहरा उजळतो, एवढं त्याला पुरत होतं.

जमनाबाईंचा चेहरा खरोखर उजळला. ओसरीवर खाट टाकून त्या गाडीकडे तोंड करून बसू लागल्या. कोंबड्या गाडीखाली शिरल्या की काठी आपटून हुसकावत. दगाची बायको कामिनी म्हणायची, "आपल्या पिकअपवर कावळा बसला तरी सासूबाई बघत नव्हत्या कधी." दगा हसून सोडून द्यायचा.

हेमकांत सुरतेला मित्रांकडे निघाला तो रेल्वेने. तिथल्या गर्दीत गाडीला ओरखडा नको म्हणाला. किल्ली कामिनीच्या कपाटात ठेवली आणि दगाला गाडी सुरू करायला शिकवलं. एक दिवसाआड थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं, बॅटरी उतरायला नको. अंगणाबाहेर मात्र काढायची नाही.

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जमनाबाई ताट समोर असतानाच कलंडल्या. छाती धरलेली, अंग घामाने भिजलेलं, ओठ निळसर. दगाची पिकअप पपई घेऊन बाजारात गेली होती. एकशे आठला फोन लावला, तर गाडी धडगावकडे पेशंट आणायला गेलेली, यायला तासावर वेळ लागेल म्हणाले. शेजारच्या घरांतल्या गाड्या लग्नाला गेलेल्या. दगाने हेमकांतला फोन लावला.

"दादा, मायनं काही खरं नही. गाडी कोनीच नही आठे."

हेमकांत म्हणाला, "मन्ही गाडी लई जाय. इचार नको करू. मायले वाचाड."

कामिनीने फोन जवळ धरला होता. माझी गाडी घेऊन जा, हे तिनेही ऐकलं.

दगाने आईला उचलून मागच्या सीटवर निजवलं. कामिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. प्रकाशा गावच्या पुलाजवळ निवडणुकीची नाकाबंदी लागलेली होती. हवालदाराने आत वाकून पाहिलं, म्हातारीचा चेहरा बघितला आणि हाताने पुढे जायची खूण केली. जाता जाता त्याने पाटीचा फोटो तेवढा काढला. नंदुरबारला डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. हेमकांत संध्याकाळी सुरतेहून आला. दवाखान्याच्या दारात भावाला मिठी मारून रडला. दगालाही रडू आलं.

जमनाबाई घरी आल्या त्या आठवड्यात पुलावरच्या त्या फोटोवरून कस्टमचे एक अधिकारी पोलिसांना घेऊन आले. गाडी अंगणातच सील झाली. अधिकारी सभ्य होते, आवाज चढवला नाही. त्यांनी हेमकांतला एवढंच विचारलं, "गाडी तुम्ही भावाला दिली होती का? दिली असेल तर अट मोडली, हमी गेली आणि गाडीही गेली. तुम्हाला न विचारता नेली असेल तर तशी फिर्याद द्या, मग बघता येईल."

हेमकांतने दगाकडे पाहिलं नाही. "उद्या सांगतो," म्हणाला.

दुपारची जेवणं झाली आणि त्याने विषय काढला. दगाने म्हणायचं, मीच विचारल्याशिवाय नेली. छोटीशी केस होईल, वकील करू, मिटून जाईल. गाडी गेली तर तिकडचं कर्ज आहे, नोकरीचा प्रश्न आहे. तो बराच वेळ बोलत होता.

"तुम्हीच तर सांगितलं होतं," कामिनी म्हणाली. "मी ऐकलंय."

"घाईत काय बोललो, मला आठवत नाही."

"फोन केलेला दिसतो मोबाईलमध्ये."

"केला होता. मी नको म्हणालो, असं सांगेन."

दगा खाटेवरच्या आईकडे वळला. तिला तरी ठाऊक होतं, आपण कुणाच्या शब्दावर निघालो होतो. कामिनीने दवाखान्यातच तिला सगळं सांगितलं होतं.

"माय, मी काय चोरी कयी?"

जमनाबाईंनी पदराने डोळे पुसले. आवाज अजून क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते. "सांगी दे ना, बापा. त्याले परत जानं शे. तू ते आठेच ऱ्हाशी."

दगा उठून बाहेर गेला. केळीत पाणी सुटलं होतं, ते वळवत राहिला. रात्री जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात फिर्याद देऊन हेमकांत शेजारी बसलेला असताना त्याने सांगितलं, गाडी मी न विचारता नेली. मग कागद पुढे ओढून सही केली.

मुदत संपायच्या आत गाडी सुटली आणि मुंबईहून जहाजात चढली. निघताना हेमकांतने आईच्या पायावर डोकं ठेवलं. दगाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तर दगा बाजूला सरून फाटक उघडायला गेला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत जमनाबाई ओसरीवरून हात हलवत होत्या.

दगा आता तारखेला नंदुरबारच्या कोर्टात जातो. वकिलाने पुढची तारीख सांगितली की परततो. दूध सोसायटीच्या निवडणुकीत त्याने फॉर्म भरला नाही. गुन्हा दाखल असलेला माणूस मतं कोणत्या तोंडाने मागणार, असं कुणी त्याला म्हणालं नव्हतं, तोच म्हणाला. चावडीवर एकदा कुणीतरी हसत विचारलं, "पाटील, विलायती गाडी कशी चालस?" तेव्हापासून तो तिकडून जात नाही. कामिनी सासूशी कामापुरतं बोलते.

रविवारी हेमकांतचा फोन येतो. दगा फोन आईच्या कानाला लावून देतो आणि गोठ्यात जातो. आतून आईचं हसणं ऐकू येतं. फोन झाला की जमनाबाई गोळ्यांसाठी त्यालाच हाक मारतात, आणि तो पाण्याचा तांब्या घेऊन येतो.

एकदा गोळी गिळून त्या म्हणाल्या, "दगा, तुन्हा मनमां राग शे का रे?"

"नही," तो म्हणाला, आणि तांब्या घेऊन आत गेला.