कुशीतले अकरा टाके

मी एक जुना टायर आहे, आणि माझी दया येणार असेल तर मित्रांनो, ती तुमच्याजवळच ठेवा. माझ्यापायी एक माणूस आयुष्यातून उठला आहे. त्यात माझी चूक किती आणि दुसऱ्यांची किती, ते तुम्हीच ठरवा.

मी डांबरी रस्त्यावर मिरवणाऱ्या गाडीचा टायर नव्हे. दगडधोंडे, चिखल आणि डोंगराची चढण यांसाठी बनवलेल्या मोटरसायकलच्या मागच्या चाकावर मी होतो. कारखान्यात मला तापलेल्या साच्यात घालून दाबलं, तेव्हा पाठीवर रबराचे जाडजूड ठोकळे उमटले. फार दुखलं. पण तिथे कुणी विचारलं नाही आणि पुढेही कुणी विचारलं नाही, त्यामुळे मीही तक्रार करायची सोडून दिली.

मी आलो ते दोन भावांच्या टायरच्या दुकानात. थोरला भाऊ पंक्चर काढायचा, टायर बदलायचा, फाटलेले टायर शिवायचा. त्याच्या हाताला तोड नव्हती. तरुणपणी तो स्वतः शर्यतीत गाडी पळवायचा. एकदा पडला, गुडघा कायमचा गेला आणि तेव्हापासून तो एक पाय ओढत चालायचा. गिऱ्हाइकं तोंडावर त्याला उस्ताद म्हणायची. पाठ वळली की काय म्हणायची ते त्यालाही ऐकू यायचं.

धाकटा चोवीस वर्षांचा. सगळे त्याला भिंगरी म्हणायचे, कारण तो एका जागी बसायचाच नाही. गाडी त्याची, म्हणजे मीही त्याचाच. डोंगरावरून आला की आधी मला धुवायचा, ठोकळ्यांत अडकलेले खडे एकेक करून काढायचा, मग स्वतः हातपाय धुवायचा. दुकानातलं अवजड काम तोच उपसायचा. पडद्यामागच्या खोलीत त्यांची आई राहायची. तिला ऊठबस करायला हात द्यायचा तोही भिंगरीच. दोन वर्षं मी त्याच्याबरोबर डोंगर पालथा घातला. लोक मला बोटांनी दाबून बघायचे आणि वा म्हणायचे. सुखाचे दिवस होते ते, मी कशाला खोटं बोलू?

मग एका मोठ्या शर्यतीची बातमी आली. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस ती बघायला येणार होता. पहिल्या तिघांत जो येईल त्याला तो आपल्या संघात घेणार, दूर नेणार. भिंगरी त्या तिघांत येणार हे अख्खी गल्ली धरून चालली होती. थोरलाही धरून चालला होता. भाऊ गेला की हे दुकान, ही आजारी आई आणि हा ओढत न्यायचा पाय, एवढंच आपल्या वाट्याला राहणार, हे त्याला दिसत होतं.

शर्यतीला चार दिवस उरले असताना एका धारदार दगडाने माझी कूस फाटली. मित्रांनो, टायरची पाठ जमिनीला लागते आणि बाजू असते ती कूस. पाठीला भोक पडलं तर बुजवता येतं. कूस पातळ असते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते. ती फाटली की टायर फेकायचा, दुसरा इलाज नाही. थोरला हे सगळ्यांना ओरडून सांगायचा. माझी जखम चार बोटं लांब होती. त्याने तिच्यात अंगठा घातला, तो आरपार गेला.

चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला की हा भंगारात निघाला, आता चालवणाऱ्याची पाळी. लोक हसले. भिंगरीही हसला, कारण दादा थट्टा करतोय असंच त्याला वाटलं. त्या बिचाऱ्याला आयुष्यभर तसंच वाटत आलं होतं.

माझ्या मापाचा दुसरा दुकानात नव्हता, म्हणून नवा टायर मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आलासुद्धा. भिंगरी तेव्हा बाहेर गेला होता. थोरल्याने टायर हातात न घेताच टेम्पो दारातून परत पाठवला आणि भिंगरी आल्यावर सांगितलं की चुकीच्या मापाचा होता, दुसरा आता शर्यतीपर्यंत यायचा नाही. आता काय करायचं, असं भिंगरीने विचारलं.

"शिवतो की," थोरला म्हणाला. "मी शिवलेला टायर कधी परत आलाय?"

खरंच कधी आला नव्हता. पण कूस त्याने कधी शिवलीच नव्हती.

भिंगरीला सामान आणायला धाडून थोरला मला घेऊन बसला. हातात दाभण आणि मेण लावलेला दोरा. त्याचा बेत मला लवकरच कळला, कारण तो माझ्याशीच बोलत होता. "थांबव त्याला," तो पुटपुटला. "पाडू नकोस. नुसता थांबव." टाके सैल घालायचे, म्हणजे शर्यत सुरू होते त्या सपाट मैदानातच माझी हवा जाईल, गाडी बसेल, भाऊ गुडघे खरचटून घरी येईल आणि घरीच राहील. एवढाच बेत. पण मेल्याचे हातच आडवे आले. वीस वर्षांची चांगल्या कामाची सवय ती, वाईट काम करू देईना. प्रत्येक टाका त्याने ओढून घट्ट बसवला. असे अकरा टाके. आतून जुन्या टायरचं ठिगळ लावलं, रबर चिकटवायच्या सोल्युशनचे दोन हात दिले, हातोडीने ठोकून एकजीव केलं. मग भानावर आला आणि टाके उसवायला त्याने दाभण पुन्हा उचलली.

तेवढ्यात भिंगरी आला. त्याने माझ्या कुशीवरून हात फिरवला. "दादा, हे फक्त तुलाच जमतं रे," तो म्हणाला.

थोरल्याला असं मनापासून कुणी म्हणून कैक वर्षं झाली होती. त्याचे कान लाल झाले. त्याने दाभण खाली ठेवली. टाके तसेच राहिले. एका शाबासकीवर हुरळला गाढव! आणि मी तरी काय शहाणा? कालपर्यंत भंगार म्हणत होते, आज कौतुक करत होते. मीही ठरवलं की टिकून दाखवायचं.

शर्यतीच्या दिवशी थोरला मैदानाच्या कडेला दोराला धरून उभा होता. मी दगा देईन याची वाट बघत होता. मी दिला नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली, भिंगरी दुसऱ्या नंबरावर होता आणि आता डोंगराची वाट सुरू होणार होती. टाके आता सुटले तर कड्यावर सुटतील, हे तेव्हा थोरल्याच्या ध्यानात आलं. तो दोराखालून आत घुसला, पाय ओढत धावला, थांब थांब म्हणून ओरडला. आवाजाच्या त्या गदारोळात भिंगरीला वाटलं, दादा हुरूप देतोय. त्याने हात वर करून त्याला दाखवला आणि गाडी आणखी पळवली.

चढण मी काढली. उतारावर माझी कूस तापली, दोरा तुटला, ट्यूब बाहेर येऊन फुटली. गाडी आडवी होऊन कड्यावरून खाली गेली आणि भिंगरीच्या पायावर पडली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्याने आधी भावाचा हात धरला. "दादा, टाक्यांना दोष देऊ नकोस. हवा मीच कमी ठेवली होती," तो म्हणाला. खरं बोलायची तीच वेळ होती. थोरला नुसता "हं" म्हणाला. भिंगरीने पुढे दुकानात हे सगळं आईला सांगितलं, आणि तो हं मी अजून विसरलो नाही.

नंतर भिंगरी दुकानात स्टुलावर बसून ट्यूबला ठिगळं लावू लागला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा की दादाचं काम पक्कं होतं, माझंच चुकलं. थोरला हे दिवसातून दहादा ऐकायचा. त्याला हवं तेच झालं होतं. भाऊ आता कुठेही जाणार नव्हता. एकदा जेवताना आई म्हणाली, "एका परीने बरंच झालं. दोघंही डोळ्यांसमोर आहात." थोरला ताटावरून उठला. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोन कपडे घालून तो निघून गेला. भाऊ सोडून जाईल म्हणून ज्याने एवढं केलं, तोच भावाला सोडून गेला. त्याचा पत्ता नाही.

"माझं ओझं झालं त्याला," भिंगरी आईला म्हणाला. "नाही रे बाळा" एवढंसुद्धा आई म्हणाली नाही.

मित्रांनो, टायरने शेवटी मागायचं ते हेच की हवा तपासा, फाटलेला टायर वेळेवर बदला. ते तुम्ही कराल, तुमची आई करायला लावेल. माझं मागणं वेगळं आहे. मी आता त्याच्या दुकानाच्या दारात पडून आहे आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुम्ही कधी तिकडून गेलात तर आत बसलेल्या माणसाला सांगा की तू ओझं नव्हतास, तुझ्यावाचून त्याचं चालत नव्हतं म्हणून त्याने तुझा टायर परत पाठवला. ऐकून त्याचं काळीज फाटेल, मला ठाऊक आहे. तरीही सांगा, आणि लवकर सांगा. कारण भाऊ परत आला की त्याच्या पायावर डोकं ठेवून माफी मागायची, असं त्याने ठरवून ठेवलं आहे.