कोणाकडेच नाही

आई गेल्याला आठ महिने झाले होते आणि मी पोर्तुगालला निघाले होते. बडोद्यात परदेशी जाणाऱ्याला सगळे आधी एकच विचारतात, "कोणाकडे?" पोर्तुगालात आमच्या ओळखीचं कोणी राहत नव्हतं. मी तो देश त्यासाठीच निवडला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भास्करमामा आणि कुसुममामी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तरसालीहून समा भागातल्या माझ्या घरी आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. मला भाऊ नाही, म्हणून आईचे दिवस त्यांनी केले होते आणि वर्षश्राद्धालाही तेच बसणार होते. त्यांच्या हातात पांढऱ्या कापडात शिवलेलं पार्सल होतं. वर निळ्या शाईत त्यांच्या नातवाचं नाव, ध्रुव, आणि लंडनचा पत्ता.

"बॅगा कुठायत?" मामींनी विचारलं.

मी दाखवली. एकच होती, पाठीला लावायची. रात्री धुतले की सकाळी वाळतात असे तीन गडद कुडते. औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पासपोर्टची एक प्रत बॅगेत, एक शेजाऱ्यांकडे. ट्रॅव्हलर्स चेक एकीकडे, त्यांचे नंबर दुसरीकडे. आईला वर्षानुवर्षं पलंगावरून उचलून माझी पाठ कामातून गेली होती. याहून जड मला उचलवत नव्हतं, आणि तिथे उचलायला मीच असणार होते.

"एवढंच? आम्ही डाकोरला जाताना याहून जास्त नेतो."

"बरंय, म्हणजे जागा आहे," मामांनी पार्सल पुढे केलं. "आपला बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा आहे, गोडा मसाला आहे. ध्रुव लंडनच्या विमानतळावर येईल."

"मी तिथे बाहेर पडणार नाही, मामा. नुसतं विमान बदलायचंय."

"मग तो आत येईल. प्लॅटफॉर्म तिकीट काढून."

"तिथे प्लॅटफॉर्म तिकीट नसतं."

"मग लिस्बनहून पोस्टानं पाठव. तिथे तुला काम काय आहे? वर्षसुद्धा झालं नाही ताईला, आणि ही निघाली फिरायला. विमान रात्री-अपरात्री उतरलं म्हणजे कळेल."

"दुपारी उतरतं. उजेडात पोचेन असंच तिकीट काढलंय. हॉटेलही ठरलेलं आहे."

"चालशे. पण हे ने."

"काउंटरवर विचारतात, बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही दिलंय का?"

"नाही म्हणायचं. सगळे तेच म्हणतात."

"मी नाही म्हणणार. शिवण उसवून आत पाहिल्याशिवाय मी परक्याचं काही बॅगेत घालत नाही. आणि पाहिलं तरी हे मला उचलवणार नाही."

"परका?" मामा म्हणाले. "माझ्यावर संशय घेतेस?"

"तुमच्यावर नाही. पार्सलवर."

मामी मध्ये पडल्या, "अगं निरू, दोन किलोचं काय ते."

मामांचा आवाज उतरला. "ताई असती तर तिनं हसत ठेवून घेतलं असतं."

"घेतलं असतं," मी म्हणाले. "आणि उचललं मी असतं."

मामा उठले, त्यांनी पार्सल दाराशी चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि जिना उतरले. आमच्याकडे असंच करतात. ठेवून निघून जायचं, मग जाणारा मुकाट्यानं नेतो.

सकाळी मी स्टेशनवर जायच्या आधी रिक्षा तरसालीला नेली. मामा हिंचक्यावर झुलत पेपर वाचत होते. मी पार्सल पुढे धरलं.

"ठेव तिकडे," ते पेपरातूनच म्हणाले.

"हातात घ्या, मामा. मी ठेवून जाणार नाही."

रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. माझी पाठ दुखायला लागली, तरी मी हात खाली घेतला नाही. शेवटी मामांनी पेपर मांडीवर ठेवला आणि पार्सल घेतलं.

"वर्षश्राद्धाला मी बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

या एका वाक्याची मला रात्रभर भीती वाटली होती. आईच्या बाजूचं एवढं एकच घर उरलं होतं.

"नका बसू," मी म्हणाले. "मी बसेन."

"गुरुजी तयार होणार नाहीत."

"दुसरे बघीन."

मी वाकून दोघांना नमस्कार केला. मामांनी पाय मागे घेतले नाहीत, तोंडानं काही म्हटलंही नाही. मामी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिथी विसरू नकोस."

"नाही विसरणार," मी म्हणाले, आणि जिना उतरले.