बाकीच्या विषयांत पास

इस्पितळाच्या धुलाईघरात ताईंना चोवीस वर्षं झाली होती. कुठल्या वॉर्डाच्या चादरीला कुठला डाग असणार आणि वाळवणीचं यंत्र रुसलं की त्याला नेमकी कुठे थाप मारायची, हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे जुने मुकादम निवृत्तीला आले तेव्हा त्यांची जागा ताईंनाच मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते. पण घोडं अडलं दाखल्यापाशी. मुकादमाला शाळा पूर्ण केल्याचा दाखला लागायचा, आणि ताई शेवटच्या वर्षीच्या गणिताच्या सामायिक परीक्षेत आपटल्या होत्या.

"मग दे की आता," लेक म्हणाली. ती स्वतः शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. दोन वर्षांपूर्वी त्या परीक्षेची सक्ती रद्द झाली होती. जुन्या नापासांना हवी तर परीक्षा देता येते, असं तिने कुठंतरी वाचलं होतं. "मला काही ती भानगड नाही. मी शिकवते तुला."

चार महिने रोज सकाळी मायलेकी वही घेऊन बसल्या. ताईंना अपूर्णांक चटकन जमले, साबणाची पूड आणि पाणी यांचं प्रमाण त्या रोजच बांधायच्या. बीजगणिताशी मात्र त्यांचं सुरुवातीपासून वाकडं.

"अगं आई, क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या."

"माहीत नाही तर तिला दुपटीने कशाला वाढवतात?"

शेवटी तेही वळणावर आलं. ताईंनी अर्धा दिवस रजा टाकली आणि परीक्षेचा अर्ज भरायला मंडळाच्या कचेरीत गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने त्यांचा जुना क्रमांक संगणकात घातला, पडद्याकडे पाहिलं आणि अर्ज परत सरकवला.

"तुम्हाला बसता येणार नाही."

"का? वयाचं काही आहे का?"

"नाही. तुम्ही पास आहात."

ताईंना वाटलं, क्रमांक चुकला असेल. त्यांनी पुन्हा सांगितला. तोच होता.

"सक्ती रद्द झाली ना, तेव्हा ती मागच्या तीस वर्षांसाठी झाली," कारकून म्हणाला. "बाकीचे विषय सुटले असतील तर दाखला मिळतो. तुम्ही दोन वर्षांपासून पास आहात."

"मला कुणी कळवलं नाही."

"तुम्ही अर्ज केला नाहीत. अर्जाशिवाय कसं कळवणार?"

ताईंनी सहज विचारलं, "म्हणजे माझ्या मुलीलाही परीक्षा नाही, बरोबर?"

"यंदा शेवटचं वर्ष? तिला आहे. गेल्या महिन्यात सक्ती परत आली. शाळेत पत्र पोचेल या आठवड्यात."

ताई खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. "सक्ती गेली म्हणून मी पास झाले. मग ती परत आल्यावर मी नापास कशी नाही झाले?"

कारकुनाने डोकं खाजवलं आणि तो उठून आत गेला. बऱ्याच वेळाने एका अधिकारी बाईंना घेऊन आला. त्यांनी शांतपणे समजावलं, "हे बघा, तुमची सक्ती गेली ती गेली. परत आली ती मुलीची."

"पण मी अभ्यास केलाय. बसू द्या की मला."

"पास झालेल्याला बसवता येत नाही. यादीत नावच पडत नाही."

ताई दाखला घेऊन घरी आल्या. नवऱ्याने तो उलटसुलट पाहिला. "मग अभिनंदन करायचं ना?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाल्या, आणि खरंच त्यांना माहीत नव्हतं.

लेकीने पत्राची बातमी ऐकली. "तुला द्यायचीच नव्हती त्या परीक्षेचा तू अभ्यास केलास. मला द्यायची होती, तिचा मी नाही केला."

"अगं, मला शिकवलं कुणी चार महिने?"

लेकीने वही ओढून घेतली आणि मागच्या पानावरून उदाहरणं पाहू लागली.

ताई मुकादम झाल्या. धुलाईघरातल्या बायकांनी हार आणला, त्यांनी तो घालून घेतला, पण दिवसभर अंगात दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटत राहिलं. लेकीची परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईंनी तिची प्रश्नपत्रिका घड्या घालायच्या लांब टेबलावर पसरली आणि सोडवायला घेतली. चार दिवसांच्या चार सुट्ट्या लागल्या.

लेकीने लाल पेनाने तपासली. शंभरपैकी अडतीस.

"पास का मी?"

"तुझ्या वेळी चाळीस लागायचे. आता पस्तीस लागतात."

"मग?"

लेकीने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "आई, मलाही नाही सांगता येत. पण हे बारावं, नळांचं उदाहरण आमच्या वर्गात कुणालाच आलं नव्हतं. मलाही नाही. तुला आलंय."

ताईंनी कागद जवळ ओढला. "ते होय? बघ," त्या म्हणाल्या आणि दोन पिंपं, दोन नळ काढून तिला समजावू लागल्या.