धार नसलेलं पाणी

होडीचं टोक गाळात रुतलं तशी कामिनीने वल्हं आत टाकलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून ती होडी ओढू लागली. होडी प्लास्टिकची, केशरी रंगाची, एरवी एका हाताने सरकवावी इतकी हलकी. पण तलावाची दोन्ही टोकं गाठून आल्यावर तिचे खांदे असे भरून आले होते, की तीच होडी आता भिजलेल्या गादीसारखी जड लागत होती. काठावरच्या स्वयंसेवकाने तिचा नंबर कागदावर टिपला.

"पळा, काकू, पळा. तुमच्यामागे कोणीच नाही."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. गेली दहा मिनिटं कामिनीला मागे वल्ह्याचा आवाज ऐकू आला नव्हता. तिने ओली पावलं तशीच बुटांत कोंबली, नाड्या बांधल्या आणि पळायला लागली.

रस्त्यावर तिचा नवरा हितेंद्र मोटारसायकल चालू ठेवून तयारच होता. मफलर, जाकीट, खिशात चण्याची पुडी. तिच्या बरोबरीने पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत तो ओरडला,

"एकोणपन्नास मिनिटं झाली! अजून एकाहत्तर आहेत. श्वास नाकाने घे, तोंडाने नको!"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं कामिनीच्या मनात आलं. पण बोलायला लागणारा दम तिने पायांसाठी ठेवला.

मेहरूणच्या तलावावर ही शर्यत यंदा दुसऱ्यांदा भरत होती. आधी होडी, मग तलावाभोवती पळत एक फेरी, आणि शेवटी पोहणं. तरुण पोरापोरींसाठी ढाली होत्या, पदकं होती, फोटोवाला होता. कामिनीला त्यातलं काही नको होतं. सव्वासहाला शर्यत सुटली होती. सव्वाआठाची शिट्टी वाजायच्या आत तिला घाटाच्या पायरीला हात लावायचा होता. एवढं जमलं तर बायकांची पोहण्याची वेळ टिकणार होती, नाहीतर ती जाणार होती.

ही वेळ म्हणजे शहरातल्या एका ट्रस्टच्या पोहण्याच्या तलावावरचा सकाळी साडेपाच ते साडेसहाचा एक तास. शिकवणारी बाई लग्न करून नाशिकला गेली आणि तो तास पोरका झाला. ट्रस्टच्या सुरेशचंदभाऊंनी स्वच्छ सांगितलं होतं, की शिकवायला बाई नसेल तर जबाबदारी कोण घेणार? तो तास स्पर्धेच्या मुलांना देऊन टाकू. बायकांनी गलका केला, तेव्हा त्यांनी तोड काढली. तुमच्यातली जी कोणी ही शर्यत दोन तासांत पुरी करेल, तिला शिकवणारी म्हणून ठेवतो. सर्टिफिकेट नको, काही नको.

सगळ्यांच्या माना कामिनीकडे वळल्या. दुसरं कोण होतं? वीस जणींत खोल पाण्यात जाणारी ती एकटी. फार तर डिंपल, पण ती अजून मध्येच घाबरायची. फॉर्म हितेंद्रने भरला. सहीपुरता तो तिच्यापुढे धरला, आणि तिने कणकेचे हात पुसून सही केली. संध्याकाळपर्यंत त्याच्या अख्ख्या ऑफिसला बातमी पोचली होती.

कामिनीला कोणी विचारलं नाही, अशी तक्रार करणंही तसं खोटं. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. चारला उठायचं, खुब्याचं हाड मोडून दीड वर्ष अंथरुणात असलेल्या सासूबाईंचं सगळं करायचं, डबे भरायचे, दहाला अंगणवाडीत हजर व्हायचं. त्या चरकातून चोरलेला तो एक तास होता. सुरुवातीला ती तिथे नुसती पोहायची. मग भिकुबाईंनी "जरा धर गं माय" म्हणून हात पुढे केला. मग रोज एक पोट, एक पाठ, एक घाबरलेली मान तळहातावर तोलता तोलता तास संपायला लागला. आपणही इथे पोहायलाच यायचो, याचा हळूहळू तिला विसर पडला.

पळताना पोटात कळ आली तेव्हा ती चालू लागली. हितेंद्र पुढे जाऊन थांबला होता. तो हळहळला, "अगं, चालायचं नाही!" पण थोड्याच वेळात त्यालाही दया आली असावी, कारण त्याने गाडी बंद केली आणि पुढचं शंभर पावलांचं अंतर तो गाडी ढकलत तिच्याबरोबर चालला.  मग पुन्हा तिची तीच पळू लागली.

घाटावर भिकुबाई, डिंपल आणि बाकीच्या बायका थांबल्या होत्या. साठीच्या भिकुबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. पाण्यात उतरल्यावरच आपल्याला पाय आहेत असं वाटतं, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. कामिनीला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले.

"वेळ शे अजून, कामिनी! सुसाट जाय!"

कामिनीने बूट काढले आणि पाण्यात झोकून दिलं.

घाटापासून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिवळ्या पिंपापर्यंत जायचं, त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. पिंप समोर दिसत होतं. पुढचे पोहणारे केव्हाच परतीला लागले होते. तिच्या मागे राहायला निंबा होता, तलावात मासे धरणारा. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून तो बसला होता आणि हातांनी पाणी मागे सारत येत होता. सगळ्यांत शेवटी असेल त्याची सोबत सोडायची नाही, एवढंच काम त्याला दिलं होतं.

पाणी थंड होतं. पहिल्या वीस-पंचवीस हातांनंतर अंगाची आग विझली, आणि तिच्याबरोबर डोक्यातले विचारही थांबले. कामिनी हात मारत राहिली. डावा, उजवा, मान वळवून श्वास. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग बाजूने निंबाची हाक आली.

"अक्का! ओ अक्का! कोठे जाई राह्यनी तू?"

तिने मान वर काढली. समोर पिंप नव्हतंच. समोर पाणकणसं होती, दाट, तपकिरी बोंडांची. पिंप पार उजव्या हाताला, खूप मागे राहिलं होतं.

"निशान तठे शे," निंबा बोट दाखवून म्हणाला. "तू इतली वर कशी उनी?"

कामिनी पाय मारत जागेवर तरंगत राहिली. आणि मग तिला समजलं. तिचं माहेर रावेर तालुक्यातलं, तापीच्या काठचं. तिथे समोरचा घाट गाठायचा तर घाटाकडे तोंड करत नाहीत. वरच्या अंगाला चिंचेचं झाड होतं, त्याच्यावर नजर ठेवून हात मारायचे. तुम्ही चिंचेकडे जात राहता, धार तुम्हाला खाली ढकलत राहते, आणि बरोब्बर घाटाच्या पायरीशी तुम्ही लागता. अर्धं तुम्ही करायचं, अर्धं नदी करते. पैलतीरावरच्या केळीच्या मळ्यात, डोक्याला भाकरी बांधून आईला पोचवताना ती लहानपणापासून तशीच जात होती. डोकं थकलं आणि शरीराने जुना हिशोब धरला. पिंप सोडून पिंपाच्या वर निघाली, आणि खाली आणणारं कोणी नव्हतं.

"मी तापीवरची आहे, भाऊ," ती धापा टाकत म्हणाली.

निंबाला तेवढं पुरलं. तो शिंदखेड्याकडचा, त्यालाही नदी माहीत होती. तो हसला.

"आठे धार नही शे, माय. आठे बठ्ठं आपलंच हात."

खरंच, इथे सगळं आपल्याच हातांनी. कामिनीही हसणार होती. पण हसू अर्ध्यातच थांबलं. इतकी वर्षं आपण घरातही असंच करत आलो, हे तिला एकदम लख्ख दिसलं. आपण आपलं अर्धं करायचं, थोडं जास्तच करायचं, उरलेलं कोणीतरी करेल. कोणीच करत नव्हतं. कोणाचं वाईट नव्हतं मनात, पण करत कोणी नव्हतं.

ती उताणी झाली. कान पाण्याखाली गेले तसे घाटावरचे आवाज बंद झाले. वर फिकट आभाळ होतं आणि दोन बगळे उडत चालले होते.

"दमनी का?" निंबाने ट्यूब जवळ आणली. "धर हाई."

"नको. नुसती पडते थोडी."

"पडी ऱ्हाय मंग. मी शे आठे."

तेवढ्यात कर्ण्याचा आवाज पाण्यावरून आला. आठ वाजून दोन मिनिटं. म्हणजे हातात तेरा मिनिटं होती. इथून पिंप आणि पिंपापासून घाट, जोर केला तर तेरा मिनिटांत होण्यासारखं होतं. कामिनीला हे पक्कं माहीत होतं. भिकुबाईंचे वर केलेले हात तिच्या डोळ्यांसमोर आले. सोमवारपासून त्या तासाला पोरं पाण्यात उड्या मारतील आणि भिकुबाई घरात खाटेवर बसून गुडघे चोळतील, हेही दिसलं.

तरी ती हलली नाही. तिला फार बरं वाटत होतं, आणि इतकं बरं वाटतंय याची लाज वाटत होती. या घडीला तिच्याकडून कोणाला पाणी नको होतं, डबा नको होता, आधाराचा हात नको होता. निंबा पाठ करून पाणकणसांकडे बघत बसला होता. त्याने एकदाही वेळ सांगितली नाही.

बऱ्याच वेळाने ती पालथी झाली, आणि या वेळी पिंपावर नजर लावून सरळ निघाली. पिंपाला वळसा घालत असतानाच शिट्टी वाजली, लांब, एकसुरी.

घाटाच्या पायरीला तिने हात लावला तेव्हा आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. बायका पायरीशी गोळा झाल्या. भिकुबाईंनी तिच्या अंगावर चादर टाकली आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

"जाऊ दे माय," त्या म्हणाल्या. "जीव काय कमी घातला का तू?"

हे ऐकून कामिनीला त्यांच्याकडे वर बघवेना.

सुरेशचंदभाऊ हातात घड्याळ धरून आले. पांढरा सदरा, चेहरा पडलेला. शब्दाला जागणारा माणूस. स्वतःचा नियम मोडायचा म्हणजे त्यांना अन्न गोड लागलं नसतं. ते काही बोलायच्या आतच निंबा ट्यूब ओढत पायऱ्या चढून आला.

"भाऊ, बाई वाट चुकनी," तो मोठ्याने म्हणाला. "तापीवरली शे ना ती, धारना अंदाजवर गयी. पार पाणकणसंपर्यंत जाई उनी. इतलं तर आज कोनीच पव्हनं नही."

सुरेशचंदभाऊ घड्याळाकडे आणि मग लांबच्या पाणकणसांकडे बघत राहिले. मनातल्या मनात त्यांनी अंतर जोखलं असावं.

"दम कमी पडला ती गोष्ट वेगळी," ते सावकाश म्हणाले, "आणि वाट चुकली ती वेगळी. दीडपट पोहून आल्या या. मला तर पटलं. सोमवारपासून तुम्हीच या, कामिनीबाई."

डिंपलने किंकाळी फोडली. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भिकुबाई तर रडायलाच लागल्या. निंबाने कामिनीकडे बघून मान डोलावली. आपण एका बाईचं भलं केलं, याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. कामिनीने तोंड उघडलं. मी चुकले खरी, पण नंतर मुद्दाम पडून राहिले, एवढंच सांगायचं होतं. ते तिला सांगता आलं नाही. इतक्या आनंदात ते सांगणार तरी कोणाला?

गर्दी पांगल्यावर ती पायरीवर बसून राहिली. हितेंद्र तिच्या चपला घेऊन आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. त्याला कोण आनंद झाला होता.

"आता आधीसारखं मागेपुढे पोचून चालणार नाही, रोज साडेपाचला हजर राहायचं. म्हणजे घरून पाचला निघायला हवं. मी भाऊंना हो सांगून टाकलं."

"आणि आईंचं?"

"जमेल गं सगळं."

"कोण जमवणार?"

तिने आवाज चढवला नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं तिने विचारलं होतं.  हितेंद्रने तिच्या पायांकडे पाहिलं. पाण्यात राहून बोटं पांढरीफटक पडली होती, टाचेचं कातडं सोलवटलं होतं. त्याने वाकून चपला तिच्या पायांशी ठेवल्या.

"आईला सकाळी उठल्यावर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पहिलं काय लागतं?"

कामिनीने त्याच्याकडे निरखून बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

ती पायरीवर थोडी बाजूला सरकली.

"बसा," ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."