हळू हात

खुशालराव मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, आणि मीही त्यांना आवडलो नसणार. अकोल्यात त्यांची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती. जिनाच्या पात्यांत रुईचा तंतू नेमका कुठे तुटतो ते डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून यंत्रं विकणाऱ्या आमच्या कंपनीनं एकसष्ट साली मला वेगवान कॅमेरा देऊन तिथं धाडलं.

जिनात कापूस भरवायला मी पंचफुलाला मागितलं. तिचा हात साऱ्या बायांत चलाख होता.

"तिलेच कावून?" खुशालरावांनी तोंड वाकडं केलं.

कारण मला मुकादमानं आधीच सांगितलं होतं. धम्म घेतल्यापासून पंचफुला कारखान्याच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्यायची. कुणी वरून ओंजळीत ओतेल म्हणून थांबायची नाही. तेव्हापासून मालक तिला काढायला टपले होते.

त्या कॅमेऱ्याचे नखरे नवरदेवाला लाजवतील असे. एकेका चित्राला उजेड मिळतो डोळ्याचं पातं लवायच्याही कितीतरी कमी वेळ, म्हणून दिवे इतके प्रखर की जवळचा कापूस पेटेल. बादल्या भरून ठेवल्या. रीळ दोन सेकंदांत संपतं, त्यात सुरुवातीचा बराच भाग वेग धरण्यातच जातो. म्हणून जिन आधी चालू आणि कॅमेरा मागून. पंचफुलाला बजावलं की कॅमेरा किंचाळेल, हात थांबवायचा नाही. तिनं थांबवला नाही. आपणही चित्रात यावं म्हणून खुशालराव टोपी सरळ करून तिच्या शेजारी उभे राहिले.

रीळ मुंबईहून धुऊन आलं. भरदुपारी गोदामाची दारं लावून ते चादरीवर दाखवलं. सगळे कामगार बसले होते. दोन सेकंदांचं काम चादरीवर मिनिटांनी लांबलं. पंचफुलाचा हात चिखलातून निघावा तसा कापसातून वर येत होता.

"पाह्यलं? झोपेत काम करून रायली," खुशालराव म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अहो, चित्रं वेगानं घेतली आणि नेहमीच्या गतीनं दाखवली, म्हणून सगळं हळू दिसतं. हात हळू नाही."

"तुमचं शास्तर तुमच्यापाशी ठेवा."

पंचफुला उठली. चादरीकडे बोट करून म्हणाली, "मालक, बाजूले तुमी बी आहा. घाम पुसाले हात वर नेऊन रायले, तो अजून कपाळाले पोचला नाई."

गोदाम हसलं. खुशालरावांचा चेहरा तापला. हात हळू नाही हे त्यांना कळलं होतं, पहिल्यापासूनच कळलं होतं, हे मला त्या क्षणी दिसलं आणि त्या माणसाची किळस आली.

"हाताचं नाई ते," ते दात आवळून म्हणाले. "कायचं आहे ते तुले मालूम आहे."

"मले मालूम आहे. ह्या सगळ्यायले सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, मंग मी जातो."

खुशालराव मुकादमाला दार उघडायला सांगून बाहेर निघून गेले. माठातल्या पाण्याचं ते एक वाक्य बोलायची त्यांची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी पंचफुला कामावर आली, तेव्हा फाटकातून तिला आत घेतलं नाही.